स्थानकावरील पुरण

परदेशांतून परत आलेल्या मनुष्याला आपल्याकडे जो पहिला प्रश्न विचारण्यांत येतो, तो तेथील राज्यपद्धतीविषयीं नसतो, विद्यापीठांविषयीं नसतो, कीं हवापाण्याविषयींहि नसतो. "तिकडे खाण्याचें काय केलेंत?" हाच तो प्रश्न होय. विचारणाऱ्याच्या वयाप्रमाणें त्याचा सूर मात्र पालटतो. तरुण मंडळींना नव्या पदार्थांचें कुतूहल असतें. समवयस्कांना, आम्हीं कोठें कांहीं सोडलें तर नाहीं ना, अशी शंका असते. आणि घरांतील वृद्ध स्त्रियांना, माणूस उपाशी राहिला कीं काय, एवढीच काळजी असते. तिघांनाहि मिळून एकच उत्तर देतां यावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

२०२४ सालच्या जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत मी व सौभाग्यवती जपानांत होतों. त्या देशाच्या दक्षिणेस क्यूशू नांवाचें बेट आहे व त्यावर फुकुओका हें मोठें शहर आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त तेथें राहतात. घरांत चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात मनू. आम्ही दोघें गेल्यावर पांच माणसें झालीं, आणि बिऱ्हाडाला घराचें रूप आलें.

आम्ही पोंचल्यावर चवथ्या-पांचव्या दिवशींच एक प्रश्न माझ्यापुढें निर्णयासाठीं आला. जपानांतील प्राथमिक शाळांतून दुपारचें जेवण शाळेंतच मिळतें. सर्वांना एकच अन्न. मुलेंच पांढरे डगले व टोप्या घालून वाढतात, आणि शिक्षकहि वर्गांत त्यांच्याबरोबर जेवतात. मास्तर ह्या नात्यानें मला ही पद्धति फारच आवडली. परंतु त्या जेवणांत मासे, मांस, अंडीं हीं बहुधा असावयाचींच. म्हणून मनू घरचा डबा नेत असे. पहिलीं दोन वर्षें हें बिनबोभाट चाललें. तिसऱ्या वर्षीं तिनें आईला विचारलें, "सगळे खातात तें मीच कां खायचें नाहीं?" चिरंजीवांचें म्हणणें, पोरीला चारचौघांत वेगळें पाडूं नये. सूनबाईंचें म्हणणें, आज अंड्याला हो म्हटलें तर उद्यां नाहीं कशाला म्हणायचें? दोघांचेंहि म्हणणें खोटें नव्हतें. "बाबा, आतां तुम्हींच काय तें सांगा," असें म्हणून दोघेंहि माझ्याकडे पाहूं लागलीं. मीं दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. छत्तीस वर्षें शाळेंत मुलांचे तंटे सोडवितांना एक गोष्ट मला कळली आहे; ज्या तंट्यांत दोन्ही पक्ष खरे असतात, त्याचा निकाल घाईनें देऊं नये.

आमच्या उपनगराचें रेल्वेस्थानक फारसें मोठें नव्हतें. तरी त्यांत पुस्तकांचें एक दुकान होतें, फुलांचें होतें, आणि तिकिटाच्या दारापासून दहा पावलांवर गरम खाऊचें एक दुकान होतें. स्थानकावरचें खाणें ह्या विषयांत माझें शिक्षण अगदींच बेताचें आहे. प्रवासांत घरची दशमी खावी, असा आमच्या वडिलांचा दंडक होता. कर्जतचा वडा आणि लोणावळ्याची चिक्की ह्यांची कीर्ति जन्मभर ऐकली. पैकीं चिक्की घरीं आणून खाल्ली, वडा मात्र गाडीच्या खिडकींतून पाहिला तेवढाच. असा मी, त्या जपानी दुकानापुढें रोज सकाळीं फिरावयास जातांना थांबूं लागलों. खाण्यासाठीं नव्हे, पाहण्यासाठीं.

दुकानाची दर्शनी बाजू सारी कांचेची. आंत लोखंडाचा जाड तवा. त्याला आपल्या आप्पेपात्रासारखे वाटोळे खळगे, पण रुंद आणि सपाट बुडाचे. एक मध्यम वयाची बाई प्रथम खळग्यांना तेलाचा बोळा फिरवी, आणि मग चोंचीच्या भांड्यांतून पातळ पीठ एकेका खळग्यांत सारख्या मापानें सोडी. पीठ कडेनें सुटूं लागलें कीं तांबूस पुरणाचा गोळा त्यावर ठेवी. शेजारच्या ओळींत नुसतें पीठच भाजत असे. वेळ झाली कीं ती एका ओळींतील चकत्या उचलून दुसऱ्या ओळींतील पुरणावर पालथ्या घाली. दोन्ही अर्ध्या एकमेकींना चिकटत, आणि खरपूस वासाची, चार बोटें रुंद, फुगीर अशी जाड चकती तयार होई. तिच्यासमोर भिंतीवर घड्याळ होतें. पण तिनें त्याकडे पाहिलेलें मला कधीं दिसलें नाहीं. आमच्या आईलाहि पोळी उलटतांना तव्याकडे पाहावें लागत नसे.

ह्या पदार्थाला तेथें 'काइतेनयाकी', म्हणजे फिरवून भाजलेली, असें म्हणतात. तोक्योकडे ह्यालाच 'इमागावायाकी' हें नांव आहे. अठराव्या शतकांत, तोक्यो शहराचें नांव एदो होतें त्या काळीं, कांदा भागांतील इमागावा पुलाजवळ हा प्रथम विकला जाई, म्हणून पुलाचें नांव खाऊला मिळालें, असें सांगतात. आणखी कोठें 'ओबानयाकी' म्हणतात. ओबान हें जुन्या काळच्या मोठ्या सोन्याच्या नाण्याचें नांव. पुन्हा हेंच पीठ आणि हेंच पुरण माशाच्या सांच्यांत भाजलें म्हणजे त्याची 'ताइयाकी' होते. तोक्योंतील अझाबु भागांत १९०९ सालीं निघालेलें तिचें एक दुकान प्रसिद्ध आहे. 'ताइ' हा मासा. आणि 'मेदेताइ' म्हणजे शुभ. ह्या उच्चारसाम्यामुळें तो मासा तिकडे मंगल मानतात. खाऊंत मासा नांवालाहि नसतो हें सौभाग्यवतींना समजावून देण्यांत माझा एक सबंध दिवस गेला. "मग आकार तरी कशाला हवा?" हा त्यांचा प्रश्न शेवटपर्यंत राहिलाच.

आंतील पुरण अझुकी नांवाच्या कडधान्याचें असतें. अझुकी दिसावयास गर्द तांबडी, मटकीहून मोठी व चवळीहून लहान. मूग, उडीद, मटकी आणि चवळी हीं ज्या कुळांत वनस्पतिशास्त्रज्ञ घालतात, त्याच कुळांतली ही. म्हणजे आपल्या कोठीघरांतल्या डब्यांची ही दूरदेशीं दिलेली बहीणच म्हणावयाची. ती उकळून पहिलें पाणी टाकून देतात, मग पुन्हां मऊ शिजवून साखर घालून आटवितात. सालासकट ठेवलें तर एक प्रकार, चाळणींतून गाळून घेतलें तर दुसरा. वेलदोडा नाहीं, जायफळ नाहीं. असलेंच तर चिमूटभर मीठ. ह्या पुरणाला ते 'आन' म्हणतात.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळतों. नववर्षाला घरच्या वडील माणसांनीं मुलांना लहानशा पाकिटांत पैसे घालून देण्याची तिकडे चाल आहे. ते पैसे मनूनें सांठविले होते. एका शनिवारीं ती म्हणाली, "आजोबा, आज मी तुम्हांला खाऊ घालणार." आम्ही पांचहि जणें स्थानकावर गेलों. रांगेंत उभे असतां मीं तिला सहज विचारलें, "पिठांत काय काय असतें ग?" तिला सांगतां येईना. आईनें बापाकडे पाहिलें. बापानें बुटांकडे पाहिलें. आमची पाळी आली तेव्हां मनूनेंच पुढें होऊन विचारलें, "ह्यांत तामागो आहे का?" तामागो म्हणजे अंडें.

कांचेमागील बाईनें हातांतलें काम थांबविलें. पिठांत अंडें आहे, पुरणांत नाहीं, असें तिनें सांगितलें, आणि जणूं अपराध तिचाच होता अशा रीतीनें दोनदां मान लवविली. मग माझ्याकडे पाहून मनूला ती आणखी कांहीं म्हणाली. त्याचा अर्थ मला नंतर कळला: "आजोबांना दाझाइफूला ने. तेथील उमेगाएमोची तांदळाची असते. तींत अंडें नसतें." आपला माल घेऊं न शकणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या गांवच्या दुकानाची वाट दाखविणारा दुकानदार मीं पूर्वीं पाहिला नव्हता.

रांग मोडूं नये म्हणून चिरंजीवांनीं दोन घेतल्या व आम्ही बाजूला झालों. मनू गरम पुडी हातांत धरून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "आजोबा, मी तर हें किती वेळां खाल्लें! बाबाच घेऊन देतात."

हा क्षण नाजूक होता. सूनबाईंच्या डोळ्यांत एक भाषण तयार झालेलें मला दिसत होतें. मीं म्हटलें, "न कळतां खाल्लें त्याचा दोष नाहीं, बाळ. आतां कळलें. कळल्यावर काय करायचें तें सावकाश पाहूं." तिनें पुडीकडे एकदां पाहिलें, आणि ती बापाच्या हातांत दिली. चिरंजीवांनीं दोन्ही काइतेनयाकी खालीं मान घालून खाल्ल्या. त्या फार गरम होत्या. पण ते कांहीं बोलले नाहींत.

त्या दिवसापासून मनूला एक छंदच लागला. कोठल्याहि दुकानांत गेलों कीं आजोबांसाठीं विचारण्याचें काम तिचें. पाकीटबंद पदार्थांत अंडें, दूध, गहू इत्यादि कांहीं घटक असल्यास तसें छापणें तेथील कायद्यानें सक्तीचें आहे. ज्यांना ते बाधतात त्यांच्या सोयीसाठीं हा नियम आहे. तो आमच्याहि सोयीचा झाला. 'अंडें' हें अक्षर तिनेंच मला शिकविलें. शेजारीं शेजारीं दोन टरफलें आणि प्रत्येकांत बलकाचा एकेक ठिपका, असें तें दिसतें. एकदां पाहिलें कीं विसरत नाहीं. मोबदल्यांत मीं तिला दाखवून दिलें कीं, तिची जपानी बाराखडी 'आ, इ, उ, ए, ओ' अशी निघून पुढें 'का, सा, ता, ना' अशी चालते, तो क्रम बौद्ध भिक्षूंनीं केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासांतून तिकडे रुजला आहे. "म्हणजे आपलीच?" असें तिनें विचारलें. मीं म्हटलें, "दोघांचीहि."

हाकाता हें फुकुओकाचें मोठें स्थानक. तेथून थोड्याच अंतरावर जोतेन्जि नांवाचें झेन पंथाचें देऊळ आहे. एके दिवशीं आम्ही तें पाहावयास गेलों. तेराव्या शतकांत एन्नि नांवाचा भिक्षु चीनमध्यें शिकून १२४१ सालीं परत आला, आणि पुढल्याच वर्षीं हें देऊळ स्थापन झालें. धान्य दळण्याची विद्या व पिठाचे नवे पदार्थ त्यानें बरोबर आणले, अशी तेथील परंपरा आहे. देवळाच्या आवारांत दोन शिळा आहेत. एक शेवयांसारख्या पदार्थांच्या स्मरणार्थ, आणि दुसरी 'मांजू'च्या. मांजू म्हणजे पुरण भरलेला पिठाचा उंडा. काइतेनयाकीचा मूळपुरुषच म्हणाना. आपल्यावर लोभ करणाऱ्या एका चहावाल्याला एन्निनें ही कृति शिकविली, असें सांगतात. नारा शहराकडे हाच मान चौदाव्या शतकांत चीनहून आलेल्या दुसऱ्या एका गृहस्थाला देतात. तो वाद आपण तिकडच्या पंडितांवर सोडूं.

मला महत्त्वाची वाटली ती निराळीच गोष्ट. चीनमध्यें ह्या उंड्यांत मांस भरीत. भिक्षूंना मांस वर्ज्य. तेव्हां मांसाच्या जागीं अझुकीचें पुरण आलें, असें नाराकडील कथेंत सांगतात. आज स्थानकास्थानकावर ज्या खाऊसाठीं रांगा लागतात, त्याच्या मुळाशीं कोणीतरी पाळलेला एक नियम आहे. नियम मोडला म्हणून नवा पदार्थ जन्मास आला, असें पुष्कळदां ऐकूं येतें; येथें नियम पाळला म्हणून तो आला. आणि एकदां आलेलें हें पुरण पुढें कोणाच्याहि घरीं पाहुणें गेलें. पोर्तुगीज लोकांनीं जपानला पाव दिला. तिकडील 'पान' आणि आपला 'पाव' हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून निघाले आहेत. तोक्योंतील किमुराया ह्या पाववाल्यांनीं १८७४ च्या सुमारास त्या परक्या पावांतहि आपलें आन भरलें, आणि १८७५ च्या एप्रिलांत तो पाव सम्राट मेइजी ह्यांच्यापुढें ठेवण्यांत आला. आवरण परक्याचें असलें तरी आंत काय भरावें हें त्यांनीं आपलें आपण ठरविलें.

धातुपाठांत 'पॄ' ह्या धातूचे पालन आणि पूरण असे दोन अर्थ दिले आहेत. हा धातु मुलांना शिकवितांना, पाळणें आणि भरणें एका घरांत कां राहतात तें समजावून देण्यास मी चांगलेंसें उदाहरण शोधीत असें. त्या शिळेइतकें नेमकें उदाहरण मला पूर्वीं कधीं सांपडलें नव्हतें. नुसतें पाळावयास सांगितलें आणि आंत कांहींच भरलें नाहीं, तर हातीं रितें टरफल येतें. आणि भरण पुष्कळ असून वर आवरण नसेल, तर तें हातांत धरतां येत नाहीं. मनूचा प्रश्न डोळ्यांपुढें होताच.

२५ फेब्रुवारीला रविवार होता. त्या दिवशीं आम्ही दाझाइफूला गेलों. फुकुओकांतील तेन्जिन ह्या भागांतून गाडीनें सुमारें अर्ध्या तासाचा प्रवास. तेन्जिन हें नांव ज्या देवतेचें, तिचेंच मुख्य देवालय दाझाइफूला आहे. आणि ती देवता म्हणजे विद्येची. हा देव मुळांत माणूस होता. सुगावारा नो मिचिझाने हे नवव्या शतकांतील चिनी विद्येचे मोठे पंडित व कवि. विद्वत्तेच्या बळावर ते उजव्या मंत्र्याच्या पदापर्यंत चढले, आणि ९०१ सालीं दरबारांतील कारस्थानानें पदच्युत होऊन दाझाइफूला हद्दपार झाले. दोन वर्षांनीं, ९०३ मध्यें, तेथेंच वारले. पुढें लोकांनीं त्यांना देव केलें. परीक्षेच्या दिवसांत तेथें विद्यार्थ्यांची गर्दी लोटते. आवारांत बैलाच्या मूर्ति आहेत. आपल्या अंगाचा जो भाग सुधारावयाचा तो बैलाचा भाग चोळावा, म्हणून विद्यार्थी त्याचें डोकें चोळतात. आम्ही गेलों तेव्हां १५९१ सालीं बांधलेल्या मुख्य मंदिराची डागडुजी चालू होती. म्हणून पुढें तात्पुरतें मंदिर उभारलें होतें, आणि त्याच्या छपरावर चक्क झाडें लाविलीं होतीं. आलुबुखाऱ्याच्या जातीच्या 'उमे' वृक्षांची तेथें राईच्या राई आहे. कांहीं झाडांवर अजून फुलें होतीं.

स्थानकाच्या दाराशींच देवळाचा रस्ता सुरू होतो, आणि दोन्ही बाजूंस उमेगाएमोचीचीं दुकानें. उमेगाए म्हणजे उमेची फांदी. हद्दपारींत हालांत दिवस काढणाऱ्या मिचिझानेंना एक म्हातारी मोची नेऊन देई. एकदां तिनें ती उमेच्या फांदीला लावून दिली, अशी कथा आहे. विद्वानाला सगळ्या दरबारानें टाकलें असतां एका म्हातारीनें घांस दिला, ही गोष्ट त्या गांवानें अकराशे वर्षें खाऊच्या रूपानें लक्षांत ठेवली आहे. आमच्या सौभाग्यवतींना त्या देवापेक्षां ती म्हातारीच अधिक मनास आली.

पहिल्याच दुकानापुढें मनू उभी राहिली. "तामागो आहे का?" लोखंडी सांचा उघडीत असलेल्या आजीबाईंनीं मान हलविली. नाहीं, तांदूळ, अझुकी, साखर, मीठ. दूध? तेंहि नाहीं. चिकट तांदूळ व साधा तांदूळ ह्यांच्या पिठाच्या उंड्यांत पुरण भरून तो तापलेल्या सांच्यांत दाबतात. वर उमेच्या फुलाचा छाप उठतो. दर महिन्याच्या २५ तारखेला तेन्जिनचा दिवस म्हणून पिठांत योमोगी नांवाची पाला-वनस्पति घालतात. ती आपल्या दवण्याच्या कुळांतली, आणि तिनें मोची हिरवी होते. आमच्या भाग्यानें तोच दिवस होता.

मनूनें आपल्या पैशांनीं पांच घेतल्या. उन्हउन्हीत मोची कागदांत गुंडाळून हातांत आली. वरचा पापुद्रा भाकरीसारखा खुसखुशीत, त्याखालीं तांदळाचा चिवट मऊपणा, आणि आंत जीभ भाजेल असें पुरण. उकडीचा मोदक जर कोणी तव्यावर भाजून काढील, तर त्याची चव ह्याच्या जवळपास जाईल. गोडी आपल्या पुरणाहून कमी. आणि दवण्याच्या वासाची एक हलकी कडसर झांक. जत्रेंत दवणा वाहिलेल्या देवाच्या प्रसादाची मला आठवण झाली. जन्मांत प्रथमच मी स्थानकाच्या दाराशीं उभा राहून खात होतों, आणि मनू माझ्या तोंडाकडे पाहत होती. "कशी आहे?" मीं म्हटलें, "आणखी एक असती तर खाल्ली असती." ती धांवत जाऊन आणखी एक घेऊन आली. ह्या खेपेस मीं पाहिलें, तिनें पुन्हां विचारलें. तेंच दुकान, त्याच आजीबाई, तरी विचारलें.

२४ मार्चला होळी आली. हिंदी दुकानांतून हरभऱ्याची डाळ मिळत होती, पण सौभाग्यवतींनीं अझुकीचेंच पुरण घालण्याचा निश्चय केला. पहिलें पाणी टाकून द्यावें लागतें असें सूनबाईंनीं सुचविलें. "कट फेकायचा? मग आमटी कशाची करायची?" येथें दोन संस्कृति समोरासमोर आल्या. तिकडेहि शुभप्रसंगीं अझुकीच्या कढणानें भात तांबडा करतात, तेव्हां कढण अगदींच टाकाऊ नव्हे, अशी मीं तडजोड सुचविली. आमटी झाली. ती किंचित् तुरट होती, आणि तिकडचे लोक पहिलें पाणी कां टाकतात तें सर्वांना कळलें. पण वाटींत कोणींहि शिल्लक ठेविली नाहीं. पोळी जांभळट रंगाची झाली, आणि वर तूप पडतांच मनू ओरडली, "आजी, हें तर आन!" आपल्या जुन्या मराठींत 'आन' म्हणजे दुसरें, परकें. मीं हें तिला सांगितलें. ती म्हणाली, "पण हें तर आपलें आहे." व्याकरणाच्या दृष्टीनें तिचें चुकत होतें; मीं दुरुस्ती केली नाहीं.

मुदत संपली होती. निघण्याच्या दोन दिवस आधीं मीं सर्वांना बसवून निकाल दिला. पहिली गोष्ट, प्राथमिक शाळा संपेपर्यंत डबा घरचा. त्यानंतर मनूनें स्वतः ठरवावें, आणि ती जें ठरवील त्यावरून घरांत कोणीं तोंड फिरवूं नये. दुसरी गोष्ट, विचारल्याशिवाय कोणींच कांहीं खाऊं नये. हा नियम मोठ्यांसहि लागू. येथें चिरंजीवांनीं पुन्हां बुटांकडे पाहिलें असतें, पण घरांत बूट घालीत नाहींत. तिसरी गोष्ट, चोरून खाणें नाहीं. खाल्लें तर सांगून खावें, सोडलें तर समजून सोडावें. सूनबाईंना पहिल्या कलमाचा उत्तरार्ध पसंत पडला नाहीं, चिरंजीवांना पूर्वार्ध. दोन्ही पक्ष सारखेच नाराज दिसल्यामुळें निकाल बरा लागला असावा असें मला वाटलें. मनूनें मात्र एकच विचारलें, "आजोबा, तुम्ही गेल्यावर मी कोणासाठीं विचारूं?" ह्याचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें.

तें पुढें जून महिन्यांत मिळालें. दूरध्वनीवर मनू सांगत होती. तिच्या वर्गांत आणखी एक मुलगी घरचा डबा आणते. तिला अंडें बाधतें, अंगावर गांधी उठतात. इतके दिवस ह्या दोघी दोन कोपऱ्यांत बसून आपापले डबे खात होत्या. आतां शेजारीं बसतात. मनूच्या डब्यांतील पोळी पाहून त्या मुलीनें विचारलें, "आंत काय आहे?" मनूनें सांगितलें, "आन. हिंदुस्थानांतलें." मग त्या मुलीनें विचारलें, "तामागो?" मनू म्हणाली, "नाहीं. आमच्याकडे विचारावें लागत नाहीं."

शाळेंत डबा वांटून खाण्याची मोकळीक नाहीं. म्हणून ती मुलगी आईला घेऊन रविवारीं घरीं यावयाची होती. सूनबाईंनीं हरभऱ्याची डाळ आणून ठेविली होती, आणि कट किती ठेवावा हें विचारण्यासाठीं त्यांनीं दूरध्वनि आपल्या सासूबाईंकडे मागितला.